जिल्हा महाविद्यालयातला प्राणिशास्त्रज्ञ : प्रस्तावना

मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहराजवळचे भरवेली जगाला माहीत झाले ते जमिनीच्या पोटातल्या धनामुळे. इथली भूमिगत मँगनीज खाण आशियातली सर्वांत खोल मानली जाते. साडेतीनशे मीटरच्याही खाली तिथे काम चालते. १८९६ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश सिंडिकेटपासून १९६२ साली उभ्या राहिलेल्या ‘मॉइल’ कंपनीपर्यंत या धंद्याचा सारा हिशेब कागदावर आहे. एल. एल. फर्मर या भूवैज्ञानिकाने १९०९ साली भारतातल्या मँगनीज साठ्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि मध्य प्रांतातल्या एका खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. ते नाव आजही जगभरच्या भूविज्ञानात चालते. जमिनीखाली काय आहे, हे लिहून ठेवायला कंपनी होती, सरकारी सर्वेक्षण खाते होते, नकाशे काढणारे होते.

जमिनीवर काय जगते, हे लिहून ठेवायला कोण होते? याच भागातल्या कान्हाच्या जंगलाच्या वाट्याला मोठी नावे आली. डनबार ब्रँडर या वनाधिकाऱ्याचे मध्य भारतातल्या वन्य प्राण्यांवरचे पुस्तक १९२३ साली निघाले. जॉर्ज शॅलर यांनी १९६० च्या दशकात कान्हात मुक्काम ठोकून हरणांचा आणि वाघाचा अभ्यास केला. १९६७ साली आलेला त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासक हाताशी ठेवतात. पण वैनगंगेच्या डोहातले मासे, धानाच्या बांधीतले बेडूक, खड्ड्यांत साचलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या, पावसाळ्यात घराघरांत निघणारे साप यांच्यासाठी परदेशातून कोणी आले नाही. हे काम ज्याच्याकडे आपसूक आले, तो जिल्ह्याच्या महाविद्यालयातला प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. साप मारून आणणारे त्याच्याकडेच येत, विहिरीतला विचित्र किडा बाटलीत घालून विद्यार्थी त्याच्याकडेच आणत, आणि ‘सर, हा विषारी आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर गावात दुसऱ्या कुणाकडे नसे.

या प्राध्यापकाचा जीवनक्रम हा या प्रस्तावनेचा विषय आहे. तो दोन खुर्च्यांवर घडतो. पहिली खुर्ची प्रयोगशाळेतली, फॉर्मलिनच्या वासाची. दुसरी कार्यालयातली, फायलींची. विभागप्रमुख, परीक्षा केंद्राधीक्षक, राष्ट्रीय सेवा योजनेचा अधिकारी, वसतिगृहाचा अधीक्षक, प्रभारी प्राचार्य, प्राचार्य, अशा पायऱ्या चढत बहुतेकांचा प्रवास पहिल्या खुर्चीकडून दुसरीकडे होतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : पहिल्या खुर्चीने लावलेली सवय, म्हणजे नीट पाहण्याची आणि पाहिले तेवढेच लिहिण्याची, ज्याने दुसऱ्या खुर्चीतही सोडली नाही, त्याची कारकीर्द जिल्ह्याच्या कामी आली. ती सवय ज्या व्यवस्थेने मोडली, तिने प्राध्यापक तर गमावलाच, चांगला प्रशासकही गमावला.

या परंपरेची मुळे नागपुरात आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. त्याआधी दोन्ही एकाच प्रांतात होते. नागपूरचे विज्ञान महाविद्यालय १९०६ साली व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स म्हणून सुरू झाले, नागपूर विद्यापीठ १९२३ साली. त्या महाविद्यालयात प्रा. एम. ए. मोघे यांनी १९२० च्या दशकात पक्ष्यांच्या आतड्यांतल्या पट्टकृमींवर संशोधन करून ते ‘पॅरासायटॉलॉजी’सारख्या नामवंत नियतकालिकात छापले. त्यासाठी जंगलात दूर जावे लागत नव्हते. आवारातले पक्षी, सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी पुरेशी होती. पुढे नागपूर विद्यापीठाच्याच प्राणिशास्त्र विभागातल्या डी. बी. टेंभरे यांचे कीटकशास्त्रावरचे पाठ्यपुस्तक देशभरातल्या महाविद्यालयांत लागले. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या कितीतरी मुलांनी रेल्वेने गोंदिया गाठून, तिथून नागपूर, जबलपूर किंवा सागरला जाऊन एम. एस्सी. केले आणि ती शिकवायला परत आपल्या मुलखात आली.

मुंबईकडे याच वेळी वेगळी धारा वाहत होती. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पी. आर. आवटी आणि डी. व्ही. बाळ यांच्यासारख्यांनी समुद्री प्राण्यांच्या अभ्यासाची घडी बसवली. प्राध्यापक आणि प्रशासक ही दोन्ही कामे एकाच माणसात कशी नांदू शकतात, याचे मोठे उदाहरण मात्र मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांचे. १८८४ साली जन्मलेल्या आघारकरांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना पश्चिम घाट पायी तुडवला आणि तिथल्या गोड्या पाण्यात जेलीफिश शोधून काढला. जेलीफिश म्हणजे समुद्रातला प्राणी, अशी समजूत असलेल्या काळात हा शोध जगाचे लक्ष वेधणारा होता. प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, पहिल्या महायुद्धात जर्मनीत अडकून पडले, तिथेच डॉक्टरेट मिळवून परतले, आणि निवृत्त झाल्यावर १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९६० साली त्यांचे निधन झाले. संस्थेला पुढे त्यांचे नाव मिळाले. ओढ्यात उतरून पाहणारा तरुण आणि संस्थेचा जमाखर्च सांभाळणारा वृद्ध, हे एकच गृहस्थ होते. दोन्ही ठिकाणी त्यांच्या कामाची रीत एकच होती.

ही रीत कुठे शिकली जाते? प्रॅक्टिकलच्या टेबलावर. मेण ओतलेली डिसेक्शनची ट्रे, तिच्यात झुरळ पाण्याखाली पूर्ण बुडेल एवढे पाणी, दोन्ही बाजूंना तिरप्या टोचलेल्या टाचण्या. पाठीकडचे कवच कडेने कापून उचलायचे, पांढरी चरबी ब्रशने हलकेच दूर करायची, पचननलिका बाजूला सारायची. मग पोटाच्या तळाशी दुहेरी चेतारज्जू दिसतो : छातीत तीन गंडिका, पोटात सहा. पांढऱ्या ऊतींत पांढरी नस दिसत नाही, म्हणून तिच्याखाली काळ्या कागदाची बारीक पट्टी सरकवायची. पट्टी सरकवताना हात थरथरला की नस तुटते, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. चांगला शिक्षक अशा वेळी विद्यार्थ्याच्या हातातला चिमटा घेत नसे. तो मागे उभा राही आणि म्हणे, ‘पुस्तकातली आकृती काढू नको, ट्रेमध्ये दिसते ती काढ.’ विद्यार्थ्याच्या झुरळाची एक गंडिका कापताना गेली असेल, तर आकृतीतही ती नको. या एका वाक्यात विज्ञानाची सगळी नीतिमत्ता आली, आणि पुढे प्रशासनात लागणारीही.

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या महाविद्यालयात स्कोलिओडॉन हा छोटा शार्क फॉर्मलिनच्या पिंपातून येई. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, अशी मुले त्याच्या कवटीची कूर्चा स्काल्पेलने कागदासारखी तासत मेंदूच्या नसा उघड्या करत. डोळ्यांतून पाणी येई, हाताला वास दोन-दोन दिवस राही. परीक्षेला ‘एक्स्टर्नल’ म्हणजे बाहेरचे परीक्षक येत, स्पॉटिंगला घंटी वाजली की पुढच्या जारकडे सरकायचे, शेवटी व्हायवा. या सगळ्याची व्यवस्था म्हणजे प्राणी मागवणे, पिंप रेल्वेतून सोडवणे, परीक्षेच्या दिवशी नळाला पाणी असेल याची खात्री करणे. तीही त्याच प्राध्यापकाची. प्रशासनाचे त्याचे पहिले धडे प्राचार्यपदाच्या किती तरी आधी इथेच झाले.

अभ्यासक्रम सगळीकडे एकच असला तरी बालाघाटमध्ये त्याला वेगळे वजन येते. प्लास्मोडियमचे जीवनचक्र हा प्राणिशास्त्राचा ठरलेला धडा आहे. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाचे परजीवी पाहिले, ही गोष्ट प्रत्येक वर्गात सांगितली जाते. पण बैहरच्या पठारावरची, बैगा आणि गोंड वस्त्यांतली मुले ज्या वर्गात बसतात, तिथे फळ्यावरची ती आकृती म्हणजे घरातले आजारपण असते. जंगलाने निम्म्याहून अधिक व्यापलेला हा जिल्हा हिवतापासाठी दीर्घकाळ ओळखला गेला. जबलपूरच्या संशोधन संस्थांनी इथे वर्षानुवर्षे काम केले. इथल्या प्राध्यापकाने मुलांना डबक्याकाठी नेऊन अळी दाखवली, की धडा पक्का होतो. क्युलेक्सची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी कोन करून उलटी लटकते; अ‍ॅनोफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते. अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिज पावसाचे साचलेले पाणी आणि कालव्यांत वाढतो, फ्लुव्हिएटिलिस डोंगरातल्या संथ झऱ्यांत. हे फरक ज्याला डोळ्यांनी ओळखता आले, तो मुलगा घरी गेल्यावर कोणते पाणी उपसायचे आणि कुठे गप्पी मासे सोडायचे, हे सांगू शकतो. २०११ च्या जनगणनेत बालाघाटमध्ये दर हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या, मध्य प्रदेशात सर्वांत जास्त. घरातले पाणी भरणे, साठवणे, झाकणे हे काम ज्यांच्याकडे असते, त्यांच्यातल्या मुली प्राणिशास्त्राच्या वर्गात आल्या, तेव्हा हा धडा वर्गाबाहेर सर्वांत दूरवर गेला.

काळ बदलला तसे टेबलही बदलले. बेडकाचे विच्छेदन ही एकेकाळी विज्ञान शाखेची जणू दीक्षाच होती. त्याच काळात बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यातही जोरात चाले. ती १९८७ साली बंद झाली. धानाच्या बांधीतला बेडूक किडे खातो आणि शेतकऱ्याची फवारणी वाचवतो, हे तोवर कुठे ध्यानात येऊ लागले होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. तरी प्रयोगशाळेतले विच्छेदन चालूच राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली ते टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ साली पदवी व पदव्युत्तर प्राणिशास्त्रातून ते हद्दपार केले. ज्यांनी उभी हयात या ट्रेवर घालवली, त्यांच्यासाठी हा बदल सोपा नव्हता. मला तो योग्य वाटतो. पण त्यासोबत एक जबाबदारी आली : ट्रे गेली तर तिच्या जागी तळे, शेत आणि जंगल यायला हवे. जिथे त्या जागी नुसता संगणकाचा पडदा आला, तिथे प्राणी दिसेनासा झाला. ज्या प्राध्यापकांनी वर्ग उचलून वैनगंगेच्या काठी नेला, त्यांनी या बदलाचे सोने केले.

काठावर नेण्यासारखे या मुलखात फार काही आहे. बालाघाट आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांत, वैनगंगा आणि वाघ नदीच्या पाणथळ भागांत, सारस क्रौंच अजून टिकून आहेत. महाराष्ट्रात तर सारसाचा हा जवळजवळ शेवटचा आसरा. सारस धानाच्या शेतात घरटे करतो. त्यामुळे त्याचे जगणे शेतकऱ्याच्या मनावर अवलंबून असते. राज्याची सीमा नदीतून जाते, पण पक्षी सकाळी या तीरावर चरतो आणि संध्याकाळी त्या तीरावर मुक्कामाला जातो. त्याची मोजणी करायची तर दोन्ही राज्यांतली माणसे एकाच वेळी शेतात उभी राहायला हवीत, आणि अशा कामाला महाविद्यालयातल्या मुलांइतके चांगले हात कुठे मिळणार? मराठी, पोवारी, हिंदी, गोंडी बोलणारी ही मुले प्रत्येक बांधावर कुणाच्या तरी घरची असतात.

कान्हाचा बारशिंगा तर प्रशासनाचा धडाच शिकवतो. कठीण जमिनीवर राहणारी त्याची ही उपजाती ब्रँडर यांच्या नावाने ओळखली जाते. १९७० साली कान्हात ती अवघी ६६ उरली होती. हा प्राणी जवळपास फक्त गवतावर जगतो, आणि मादीला पिलू लपवायला उंच गवत लागते. गुरांच्या चराईने आणि दरवर्षी लावल्या जाणाऱ्या आगींनी ते गवत नाहीसे होत होते. क्लॉड मार्टिन या स्विस अभ्यासकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे राहून हे सारे बारकाईने तपासले. त्याआधी मंडलाचे जिल्हाधिकारी असलेले एम. के. रणजितसिंह यांनी कुरणातले गाव बाहेर हलवण्याचे काम हाती घेतले होते. पुढे वस्त्या हलल्या, आगी आवरल्या, कुंपण घालून सुरक्षित प्रजननाची सोय झाली. संख्या वाढत गेली आणि २०१५ साली कान्हातले बारशिंगे सातपुड्याच्या व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडण्याइतकी परिस्थिती सुधारली. गावे हलवण्याची किंमत तिथल्या माणसांनी मोजली, हेही वर्गात सांगायलाच हवे. मुद्दा असा की निर्णय घेणाऱ्याने आधी पाहिले, काय कमी पडते ते शोधले, आणि मग हुकूम काढला. प्राण्याला काय लागते हे कळल्याशिवाय त्याची व्यवस्था लावता येत नाही, विद्यार्थ्याचेही तसेच.

आता दुसऱ्या खुर्चीकडे. शासकीय महाविद्यालयाचा प्राचार्य दिवसभर काय करतो, हे बाहेरच्यांना क्वचित ठाऊक असते. प्रवेश, शिष्यवृत्त्या, जनभागीदारी समितीच्या बैठका, अतिथी विद्वानांचे मानधन, रिक्त पदे, परीक्षांची गोपनीय पाकिटे, ऑडिटचे आक्षेप, वसतिगृहाच्या तक्रारी, अतिरिक्त संचालकांच्या कार्यालयातून आलेली पत्रे. बदलीची टांगती तलवार तर असतेच. त्यात १९९४ साली महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ ही संस्था आली आणि मूल्यांकनाच्या फायली वाढल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकाच्या कामाला गुण लावले; पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजले जाऊ लागले. तळ्यातल्या गोगलगायींची वीस वर्षांची नोंद गुणपत्रिकेत कुठे बसेना, आणि घाईने छापलेला निबंध सहज बसू लागला. जिल्ह्याचा प्राणिशास्त्रज्ञ कमी होत गेला, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

तरीही काही जणांनी दोन्ही सांभाळले. कसे, हे पाहायचे तर विभागातल्या दोन वस्तू शेजारी ठेवाव्यात : संग्रहालयातल्या जारवरची चिठ्ठी आणि कार्यालयातले डेड स्टॉक रजिस्टर. चिठ्ठीवर प्राण्याचे नाव, सापडल्याचे ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते. ठिकाण आणि तारीख नसेल तर जारमधला प्राणी कितीही देखणा असो, अभ्यासाला निकामी. रजिस्टरमध्ये सूक्ष्मदर्शक कधी आला, किती रुपयांना, कुणाच्या सहीने, आता चालतो की नाही, हे असते. तिथे खोटी नोंद झाली, की दहा वर्षांनी कुणीतरी निरपराध माणूस वसुलीच्या नोटिशीत सापडतो. ज्याला चिठ्ठी नीट लिहायची सवय आहे, तो रजिस्टरही नीट लिहितो. त्याच्या नोटशीटवर निर्णयामागचे कारण लिहिलेले असते; तो वशिल्याचा प्रवेश नाकारतो तेव्हा का नाकारला हे कागदावर ठेवतो; आणि रिक्त पदांची मागणी करतो तेव्हा आकडे फुगवत नाही, म्हणून त्याचे पत्र वरच्या कार्यालयात गंभीरपणे वाचले जाते. प्राचार्य झाल्यावरही आठवड्यातला एखादा तास तो स्वतः घेतो. त्या तासाने त्याला वर्गात किती मुले बसतात, नळाला पाणी आहे का, जारमधले फॉर्मलिन आटले का, हे कुठल्याही अहवालाआधी कळते.

अशी कारकीर्द वाचताना वाचकाने पुरस्कारांची आणि पदांची यादी मागे ठेवावी. तीन गोष्टी शोधाव्यात. या माणसाच्या हाताखाली जिल्ह्यातल्या किती प्राण्यांची नीट नोंद झाली? त्याच्या काळात प्रयोगशाळा चालू राहिली की कुलूपबंद झाली? आणि खाणकामगाराच्या, शेतमजुराच्या, जंगलातल्या पाड्यावरच्या मुलाला त्याच्या टेबलाशी उभे राहायला जागा मिळाली का? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर तो माणूस यशस्वी झाला, मग त्याच्या नावापुढे काही लागो न लागो.

आज ही उत्तरे मिळवणे अवघड होत चालले आहे, कारण साधनेच नाहीशी होत आहेत. निवृत्तीनंतर विभागातले जुने जर्नल रद्दीत जातात, फुटलेल्या जारांतले नमुने फेकले जातात, सहलीच्या वह्या घरच्या माळ्यावर वाळवी खाते. त्यांत १९७० च्या किंवा १९८० च्या दशकातल्या नदीत कोणते मासे होते, कोणत्या तळ्यात सारस होता, कोणत्या गावात कोणता साप निघत असे, हे लिहिलेले असते. धरणे झाली, खाणी वाढल्या, कीटकनाशके आली. आधी काय होते याचा पुरावा दुसरीकडे कुठेही नाही. म्हणून प्रत्येक जिल्हा महाविद्यालयाने आपल्या प्राणिशास्त्र विभागाचा हा ठेवा मोजून, चिठ्ठ्या तपासून, वह्यांची छायाचित्रे काढून जपायला हवा, आणि हयात असलेल्या निवृत्त शिक्षकांना बसवून त्यांच्याकडून नोंदी पुऱ्या करून घ्यायला हव्यात. भरवेलीच्या खाणीतल्या दगडाचा शंभर वर्षांचा हिशेब आपण ठेवला. त्याच मातीवर जगणाऱ्या जिवांचा हिशेब ज्यांनी तुटपुंज्या साधनांनी ठेवला, त्यांच्या आयुष्याची ओळख करून घेणे आणि तो हिशेब पुढे चालवणे हे आपले कर्तव्य आहे. पुढचा भाग त्याच कामाची सुरुवात आहे.